बुढीचं नाव घ्यायचं राहिलं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. मुलांजवळ नाही, कारखान्यातल्या दोस्तांजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच नाही. तसा मी बोलका माणूस. लग्नाच्या पंगतीत बसलो की दोन-चार गोष्टी सांगितल्याशिवाय माझं जेवण पुरं होत नाही, आणि त्यातली एक तर ठरलेलीच — कुत्र्याची. भिलाईत आमच्या सेक्टरमधल्या जुन्या लोकांना ती पाठ झाली आहे. मी सुरुवात केली की शेवट तेच सांगून मोकळे होतात.

तुम्हालाही तीच सांगतो. फक्त मी सांगत आलो तशी नाही — झाली तशी. जमेल का? बघू.

कारखाना उभा राहत होता, त्या दिवसांतली गोष्ट. मी भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातला, मॅट्रिक झालेला, नवाकोरा फिटर. आम्हाला दीड खोलीचा क्वार्टर मिळाला होता. भिंतींचा चुना अजून अंगाला लागत होता, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की लाल माती आणि गिट्टीचे, म्हणजे खडीचे, ढीग. त्याच वर्षी लग्न होऊन कौतिका आली होती. माझी बायको. तिचे वडील आमच्या भागात गोऱ्हे शिकवण्यासाठी नावाजलेले. पाच-सहा गावचे लोक आपले गोऱ्हे त्यांच्याकडे आणून सोडत, आणि दोन महिन्यांनी गाडीला चालणारा बैल घेऊन जात. कौतिका त्याच अंगणात वाढली. शाळेत ती गेली नाही. हे दोन्ही लक्षात असू द्या.

माझा हात चांगला होता, असं सगळे म्हणत. तोंड मात्र वाईट. एखाद्याला पाना धरता आला नाही की माझं डोकं फिरायचं, आणि मग शेडमधल्या सगळ्या लोकांना कळायचं की मी ओरडतो आहे. आता गंमत बघा — त्याच वेळी आजूबाजूच्या खेड्यांतून, उतईकडून वगैरे, नवे लोक कामावर येत होते. यंत्र कधी पाहिलेलं नाही, नांगर सोडून आलेले. त्यांना शिकवायला माणूस हवा होता. मला ती जागा हवी होती. फार हवी होती. आमच्या घराण्यात कुणी कुणाला कधी काही शिकवलं नव्हतं. मला 'मास्तर' म्हणवून घ्यायचं होतं.

आमच्या साहेबांना हे माहीत होतं. ते बंगाली, बोलणं मृदू. त्यांना ट्रेनिंगसाठी काही महिने रशियाला पाठवायचं ठरलं, आणि मेमसाहेब तेवढे महिने माहेरी जाणार होत्या. त्यांच्याकडे नुकतंच एक पिल्लू आलं होतं — ग्रेट डेन जातीचं. साहेबांनी मला बोलावलं आणि हसत हसत म्हणाले, काम तुझं चांगलं आहे, पण जीभ गरम आहे. हे पिल्लू घेऊन जा. मी येईपर्यंत याला शिकव — न मारता. तुला ते जमलं तर माणसंही जमतील, मग त्या जागेचं बघू.

थट्टाच होती ती. पण मी हो म्हणालो ते थट्टेनं नव्हतं.

पिल्लू तीन महिन्यांचं होतं, आणि तेव्हाच आमच्या गावच्या मोठ्या कुत्र्याएवढं. बदामी रंग, पंजे भाकरीएवढे, आणि त्या पंजांचं काय करायचं हे त्याला अजून कळलेलं नव्हतं. साहेबांनी त्याचं नाव ठेवलं होतं ड्यूक. सोबत एक बारीकसं इंग्रजी पुस्तक दिलं होतं. मी ओळींखाली बोट धरून ते वाचायचो आणि अंगणात उभा राहून हुकूम सोडायचो. पिल्लू माझा बूट चावायचं. मी आवाज चढवायचो. ते लोळण घ्यायचं. मी आणखी चढवायचो.

मारलं का? हो. तेही सांगून टाकतो. पट्ट्यानं नाही, दोरीच्या टोकानं — पण दोरी काही फूल नसते. तीन आठवडे हे चाललं. शेवटी मी ड्युटीवरून आलो, नुसता माझ्या बुटांचा आवाज झाला, की ते एवढं थोरलं जनावर खाटेखाली शिरून मुतायचं. खाट वर उचलली जायची त्याच्या पाठीनं.

एका दुपारी कौतिका बाहेर आली आणि माझ्या हातातली दोरी तिनं काढून घेतली. भांडण नाही, काही नाही.

"दुधाचे दात हायेत अजून त्याचे," ती म्हणाली. "आताच कावून जुपून राहिले जी? या वयात दचकलं का जलमभर दचकते थे."

मी म्हणालो, ते कुत्रं आहे, गोऱ्हा नाही.

"लेकरू तं हाय," ती म्हणाली, आणि पिल्लाला घेऊन परसात गेली.

त्यानंतर जे झालं ते मी दारात उभा राहून, चहा पीत, पाहिलं. एवढाच माझा त्यातला वाटा. नाही — अजून एक वाटा आहे, त्याच्याकडे येतोच.

तिनं आधी काही शिकवलंच नाही. आठ दिवस ते नुसतं खाऊ लागलं, झोपू लागलं. मग तिनं त्याच्या गळ्यात दोरी बांधली आणि दुसरं टोक मोकळंच सोडलं. दोरी ओढत ते दिवसभर हिंडायचं. गोऱ्ह्याच्या मानेवर आधी रिकामं जू ठेवतात ना, तसं. ओझं नाही, ओढ नाही — फक्त सवय. दोरीची भीती गेली तेव्हा तिनं बुढीला बोलावलं.

बुढी कोण, तर एक गावठी कुत्री. काळपट, तोंडाशी पांढरी झालेली. ज्या गावाच्या जागेवर आमचे क्वार्टर उठले त्या गावची ती. माणसं उठून गेली, ही राहिली. कुणाची नव्हती, पण आमच्या परसात बसायची, कारण कौतिका पहिली भाकरी तिला टाकायची. शहाणी होती. ट्रक आला की थांबायची, गेला की चालायची. आवाज कधी ऐकला नाही मी तिचा.

आणि कौतिकानं काय करावं? बुढीच्या गळ्यातही दोरी बांधली, आणि हातभर अंतर ठेवून पिल्लाची दोरी तिच्या दोरीला जोडली. माहेरी हीच रीत होती — नवा गोऱ्हा जुन्या बैलाच्या जोडीला चालवायचा. जुना थांबला की नवा थांबतो. शिकवतो तो बैलच, माणूस फक्त सोबत चालतो. पण ही रीत कुत्र्यांना लावलेली कुणी ऐकली आहे का? मी तर हसलोच. शेजारणी हसल्या. एक ताडाएवढं वाढणारं विलायती पोर आणि त्याच्या कमरेला लागणारी म्हातारी, अशी जोडी लाल मातीतून चालली की लोक सायकलवरून उतरून बघायचे.

पिल्लू उधळायचं. बुढी चारी पाय रोवून उभी राहायची आणि दुसरीकडे बघायची. बस. एवढंच. पिल्लू ओढून ओढून दमायचं, मागे वळायचं, आणि तेवढ्यात कौतिका "होऽ, होऽ माह्या सर्ज्या" म्हणत गुळाचा खडा त्याच्या तोंडात द्यायची. एक बुढीलाही. ड्यूक हे नाव तिच्या जिभेवर बसलंच नाही; बैलाचं नाव तिनं दिलं आणि तेच टिकलं. तिचा हात वर गेला की दोघांनाही कळायचं, आता गूळ. आमच्या अंगणात वर गेलेल्या हाताचा दुसरा अर्थच उरला नव्हता.

आणि ते दमायच्या आत ती सोडून द्यायची. अगदी रंगात आलेलं असताना. मी म्हणायचो, अजून थोडं शिकव की. ती म्हणायची, उद्या त्यालेच यावंसं वाटलं पायजे.

भोंग्याचं तर मला अजून नवल वाटतं. कारखान्याचा भोंगा वाजला की सर्ज्या थरथर कापायचा. कौतिका रोज भोंग्याच्या जरा आधी परसात बसायची, त्याचं डोकं मांडीवर घ्यायची — नंतर नंतर तर नुसतं डोकंच मावायचं — आणि भोंगा सुरू झाला की भाकरीचा तुकडा. महिन्याभरात तो भोंगा वाजला की शेपटी हलवत तिला शोधायला लागला.

दिवस छान गेले ते, खरंच सांगतो. मी शिफ्टवरून आलो तरी तो आता खाटेखाली जात नव्हता. बुढी शेजारी बसलेली असायची. ती उठली नाही म्हणून तोही उठत नव्हता. हळूहळू माझ्याही हातून गूळ घेऊ लागला. मी बूट दाराबाहेर काढून आत येऊ लागलो. कुणी सांगितलं नव्हतं. सहा-सात महिन्यांत दोरी सुटली. मोकळा सर्ज्या बुढीच्या बरोबरीनं चालायचा, बुढी बसली की बसायचा, रस्त्यावर कोंबड्या असोत की पोरं. फक्त दोघांच्याही गळ्यात तिनं एकसारखा काथ्याचा गोफ ठेवला होता, आठवण म्हणून.

मग साहेब परत आले. रविवारी सकाळी जीप दारात थांबली. सर्ज्या आणि बुढी ओट्याखाली बसलेले. साहेब उतरले, चालत जवळ आले, आणि वासराएवढं जनावर जागचं हललं नाही. साहेबांनी पाठ थोपटली तेव्हा ते उठलं, हुंगलं, आणि पुन्हा बसलं. साहेब बघतच राहिले. कौतिका दारात उभी होती, पदर सावरून.

"किसने सिखाया?" साहेबांनी विचारलं.

"मैंने, साहब," मी म्हणालो.

एकदाही न अडखळता. मारलं तर नाही ना? — नाही साहेब. पुस्तक वापरलंस? — हो साहेब. कौतिकाला हिंदी तेव्हा बोलता येत नव्हती, पण एवढं तिला कळत होतं. ती चहा ठेवायला आत गेली. ती आत असतानाच्या त्या पाच मिनिटांचं मी आता सांगत नाही, मागाहून सांगतो. चहा झाला. साहेब सर्ज्याला जीपमध्ये बसवून घेऊन गेले, आणि पुढच्याच महिन्यात मला ती जागा मिळाली.

त्या दिवशी संध्याकाळी ती भात वाढत होती तेव्हा मी वाटच बघत होतो, आता बोलेल. ती बोललीही, पण वेगळंच.

"माह्यं जाऊ द्या जी. पन बुढीचं नाव तं घ्याचं होतं."

बस. त्यावर आयुष्यात पुन्हा एक शब्द नाही.

मी मास्तर झालो. आणि पहिल्याच दिवशी कळलं की मला शिकवता येत नाही. समोर वीस माणसं उभी, निम्म्यांना बूट चावत होते, भोंगा झाला की दचकत होती. मी काय करणार? मला एकच रीत ठाऊक होती — दारात उभं राहून पाहिलेली. मी त्यांना आठ दिवस काही शिकवलंच नाही. नुसतं हिंडू दिलं, हत्यारं हातात घेऊ दिली. मग एकेकाला एकेका जुन्या, शांत खलाशाच्या — जड सामान चढवणाऱ्या कामगाराला आमच्याकडे खलाशी म्हणत — जोडीला दिलं. तो थांबला की तू थांब. दमायच्या आत सुट्टी. अडलं की घरी येऊन कौतिकाला आडून आडून विचारायचो, तुझे बाबा असल्या गोऱ्ह्याचं काय करायचे गं? ती सांगायची. दुसऱ्या दिवशी ते माझं व्हायचं. पुढं माझा आवाजही खाली आला. कुणाला खरं वाटत नाही की मी कधी ओरडत होतो. कितीतरी माणसं माझ्या हाताखालून गेली. आजही कुणी सिव्हिक सेंटरच्या बाजारात भेटलं तर वाकून नमस्कार करतं. मला बरं वाटतं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटतं. आणि मग मी त्यांना कुत्र्याची गोष्ट सांगतो. 'मी त्याला शिकवलं तेव्हा...' कौतिका शेजारी असते. ती पिशवी सांभाळत ऐकून घेते.

तर झाली कबुली, असं तुम्हाला वाटलं असेल. बायकोचं श्रेय घेतलं, भित्रा माणूस. तेवढंच असतं तर मी पंगतीत हसत हसत सांगून टाकलं असतं. तेवढं तर तिलाही माहीत आहे.

ती पाच मिनिटं राहिली आहेत.

कौतिका आत गेली. साहेब सिगारेट पेटवत होते. त्यांची नजर बुढीवर गेली, मग तिच्या गळ्यातल्या गोफावर, मग सर्ज्याच्या गोफावर. त्यांच्या कपाळाला आठी पडली — रागाची नाही, कुतूहलाची. "ये कौन है?" त्यांनी विचारलं. "इसको भी बाँधा था?"

आणि मला वाटलं, आता सगळं उलगडणार. एक प्रश्न आला की दुसरा येणार. मी म्हणालो, कुणाची नाही साहेब, रस्त्यावरची आहे, उगाच येऊन बसते. साहेब काहीच म्हणाले नाहीत. हाकलून दे, असंही म्हणाले नाहीत. हे मला मुद्दाम लिहायचं आहे. ते जीपकडे वळले होते. मी वाकून गिट्टीचा एक तुकडा उचलला आणि हात वर केला.

बुढीनं हात पाहिला. शेपटी हलवली. एक पाऊल पुढं आली.

पुढं आली, कळतंय ना तुम्हाला?

खडी मागच्या पायाच्या हाडावर बसली. आवाज झाला. बुढी ओरडली नाही. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि तीन पायांवर क्वार्टरच्या मागं निघून गेली. सर्ज्या उठून उभा राहिला होता, तिच्या मागं जायला. मी म्हणालो, "बस." तो बसला. इतका चांगला शिकला होता तो.

कौतिका चहा घेऊन आली, तिनं विचारलं, बुढी कुठं गेली? मी म्हणालो, असेल इथंच.

बुढी तिसऱ्या दिवशी आली. कौतिकानं हळद गरम करून लावली, चिंधी बांधली, रोज पाय शेकला. "कोन्या मेल्यानं मारलं असन वो," ती म्हणत होती, आणि मी जरा लांब बसून चिंध्या फाडून देत होतो. मी म्हणालो, सायकलवाला असेल एखादा. किती सहज सुचलं ते! तिनं त्या सायकलवाल्याला काय काय शिव्या दिल्या म्हणून सांगू. बुढी त्यानंतर चार वर्षं जगली, लंगडत, आमच्याच परसात. शेवटपर्यंत कौतिकाच्या हातची भाकरी खाल्ली. सर्ज्या बंगल्यावरून फिरायला निघाला की नोकराला ओढत आमच्या दाराशी यायचा, तिच्या शेजारी बसायचा. त्याच्या म्हातारपणात त्याला एकट्याला तिथं बसलेला मी पाहिला आहे. माझ्यापासून मात्र ती नेहमी दगड पोचणार नाही एवढ्या अंतरावर असायची. मी डोकं खाजवायला हात उचलला तरी उठून जायची. कौतिकाला वाटायचं, माझ्या जुन्या ओरडण्याची धास्ती आहे. मी तिला तसं वाटू दिलं.

आता आम्ही दोघंच असतो. मुलांचं बरं चाललं आहे, गुडघे सोडले तर तक्रार नाही. ती पलीकडे सुपात तांदूळ निवडते आहे, आणि मी हे लिहितो आहे — तिला वाचता येत नाही अशा अक्षरांत. यातही भित्रेपणा आहेच, मला कळतं. अजूनही रस्त्यावर एखादी सायकल जोरात गेली की ती म्हणते, असाच कोनी असन थो, बुढीचा पाय मोडनारा.

मघाशी तिनं विचारलं, सकाळपासून काय लिहून राहिले एवढं?

मी म्हणालो, सर्ज्याचं.

तांदळातला खडा काढून बाजूला टाकत ती म्हणाली, "मंग बुढीचंही लिहा जी. बिचारीचं नाव राहून जाते दर वेळेस."

लिहिलं. सायकलवाला कुणी नव्हता, कौतिका. ती खडी मी मारली, आणि नेम धरून मारली.